नेव्हीच्या सर्व्हे जहाजांचे आणि समुद्र मोजणाऱ्या युनिट्सचे पॅच जमवायचेत? मग हे वाचा

नेव्हीचे पॅच (जॅकेटवर शिवायचे कापडी बिल्ले) जमवणारे बहुतेक लोक विमानवाहू जहाजं, सबमरीन नाहीतर फायटर स्क्वाड्रनच्या मागे असतात, त्यामुळे तिकडे गर्दी आहे, भाव चढलेत आणि डुप्लिकेट माल तर विचारूच नका. समुद्राचा तळ मोजणारी, पाण्याचं तापमान-खारटपणा नोंदवणारी जी जहाजं आणि युनिट्स आहेत त्यांच्याकडे फारसं कोणी बघत नाही. आणि गंमत म्हणजे खरे दुर्मिळ पॅच तिथेच सापडतात. कारण साधं आहे, कॅरिअरवर पाच हजार माणसं, म्हणजे पॅच हजारोंनी छापल्यासारखे निघणार. अमेरिकन नेव्हीच्या आजच्या पाथफाइंडर क्लास सर्व्हे जहाजावर खलाशी आणि सायंटिस्ट सगळे धरून जेमतेम पन्नास-पंचावन्न लोक. एवढ्यांसाठी पॅच काढले तर ते किती निघणार, तुम्हीच हिशोब करा.

मी मुख्यतः अमेरिकन पॅचबद्दलच लिहितोय कारण पॅच शिवायची, वाटायची, जॅकेटवर मिरवायची जी परंपरा आहे ती त्यांच्याकडेच सगळ्यात जास्त आहे. आपल्या नेव्हीचं वेगळं गणित आहे, ते पुढे सांगतो.

पहिलं काम म्हणजे "सगळंच जमवू" हा विचार डोक्यातून काढा. एक तुकडा धरा. फक्त पाथफाइंडर क्लासची पहिली सात जहाजं धरली तरी पुरे: पाथफाइंडर, सम्नर, बोडिच, हेन्सन, ब्रूस सी. हीझन, मेरी सिअर्स आणि मोरी, नंबर टी-एजीएस ६० ते ६६. हा नंबर पॅचवर असेल तर आधी तो वाचायला शिका, चित्र नंतर बघा. एजीएस म्हणजे सर्व्हे जहाज, एजीओआर म्हणजे संशोधनाचं जहाज, एजीओएस म्हणजे कान लावून बसणारं म्हणजे पाळतीचं जहाज, आणि पुढे "टी" लागला की समजायचं की जहाज मिलिटरी सीलिफ्ट कमांडचं (नेव्हीच्या वाहतूक आणि मदतीच्या विभागाचं) आहे आणि ते चालवणारे खलाशी सिव्हिलियन आहेत. तसंच नावाआधी यूएसएस असेल तर नेव्हीचा क्रू, यूएसएनएस असेल तर सिव्हिलियन क्रू. एवढं कळलं तरी निम्मे गोंधळ मिटतात, कारण विकणाऱ्यांना स्वतःलाच हे माहीत नसतं आणि ते वर्णनात काहीही ठोकून देतात.

नावं परत परत वापरली जातात हा दुसरा मुद्दा. बोडिच तीन झाल्या. पहिली दुसऱ्या महायुद्धातली यूएसएस बोडिच, एजीएस-४. दुसरी टी-एजीएस २१, दुसऱ्या महायुद्धातल्या व्हिक्टरी मालवाहू जहाजाचं रूपांतर केलेलं. डटन आणि मिकेलसन ही तिची भावंडं, तिघींनी पोलारिस मिसाइलच्या सबमरीनसाठी समुद्रतळाचे नकाशे केले. तिसरी टी-एजीएस ६२, ही आत्ताची, जिचा पाण्याखालचा बिनमाणसाचा ग्लायडर २०१६ च्या डिसेंबरमध्ये चिनी नेव्हीने साउथ चायना सीमध्ये उचलून नेला होता आणि पेपरमध्ये बोंबाबोंब झाली होती. पॅचवर नुसतं "बोडिच" असेल आणि नंबर नसेल तर शिलाई बघूनच ठरवावं लागतं, ते खाली सांगतो.

मोरीचं तर अजून मजेदार आहे. यूएसएस मोरी एजीएस-१६ हे जुनं जहाज, आणि यूएसएनएस मोरी टी-एजीएस ६६ हे नवं, २०१६ साली नेव्हीला मिळालं. मॅथ्यू मोरी हा समुद्रशास्त्राचा मोठा माणूस खरा, पण सिव्हिल वॉरमध्ये तो कॉन्फेडरेट बाजूला गेला, म्हणून मार्च २०२३ मध्ये जहाजाचं नाव बदलून मेरी थार्प केलं. म्हणजे ६६ नंबर असलेला "मोरी"चा पॅच हा फक्त मधल्या सात-आठ वर्षांचा, आणि आता तो परत निघणार नाही. असे पॅच दिसले की फार घासाघीस करत बसू नका, घेऊन टाका. आणि जोडीला ब्रूस हीझनचा (६४) घ्या, कारण हीझन आणि थार्प या दोघांनी मिळूनच अटलांटिकच्या तळाचा तो प्रसिद्ध नकाशा केला होता, ती कागदावर रेखाटायची आणि तो जहाजावरून आकडे आणायचा, कारण त्या काळात बायकांना जहाजावर घेतच नव्हते. दोन्ही पॅच एका पानावर शेजारी लावले की काय भारी दिसतं!

आता युनिट्स. मुख्य ऑफिस म्हणजे नेव्हल ओशनोग्राफिक ऑफिस. हे आधी हायड्रोग्राफिक (म्हणजे समुद्रमोजणीचं) ऑफिस होतं, १९६२ मध्ये नाव बदललं. ऑफिस मेरीलँडमधल्या सूटलंडला होतं, सत्तरच्या दशकात मिसिसिपीत हललं, नासाची रॉकेट टेस्ट करायची जागा आहे तिथे. त्या जागेचं नाव आधी नॅशनल स्पेस टेक्नॉलॉजी लॅबोरेटरीज होतं आणि १९८८ ला स्टेनिस स्पेस सेंटर झालं. म्हणजे पॅचवर सूटलंड, लॅबोरेटरीजवाला शॉर्टफॉर्म (एनएसटीएल) किंवा स्टेनिस यातलं काय लिहिलंय त्यावरून वय बऱ्यापैकी कळतं, कार्बन टेस्टची गरज नाही 😄

याच ऑफिसची ओशनोग्राफिक युनिट म्हणून छोटी छोटी पथकं होती, युनिट वन, टू असे नंबर. जहाज चालवणारे सिव्हिलियन आणि सर्व्हेचं काम करणारं हे नेव्हीचं पथक, असा मामला. त्यामुळे एकाच जहाजाचे दोन वेगळे पॅच सापडतात, एक जहाजाचा आणि एक युनिटचा. शॉव्हने आणि हार्कनेस (टी-एजीएस २९ आणि ३२) या दोघींच्या बाबतीत तर तिसराही सापडू शकतो कारण त्यांच्यावर हेलिकॉप्टर असायची आणि हेलिकॉप्टरवाल्यांचं पथक वेगळं. या दोन्ही ग्लासगोला बांधल्या होत्या. माझ्या मते कलेक्शन सुरू करायला ही जोडी बेस्ट आहे, कारण एका जहाजाची पूर्ण कुटुंबकथा तीन पॅचमध्ये दिसते.

विमानवेड्यांसाठी व्हीएक्सएन-८ आहे. मेरीलँडच्या पॅटक्झंट रिव्हरची स्क्वाड्रन, टोपणनाव "वर्ल्ड ट्रॅव्हलर्स", १९६५ ला एअर सर्व्हे युनिट म्हणून सुरू झाली आणि १९९३ ला बंद. यांच्या प्रोजेक्ट मॅग्नेटने पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचे नकाशे केले, बर्ड्सआय प्रोजेक्ट आर्क्टिकच्या बर्फाचा. नारिंगी-पांढऱ्या ओरायन विमानांवर रोडरनर आणि कोयोटी हे कार्टूनमधले प्राणी रंगवलेले असायचे. यांचे पॅच दिसायला जबरदस्त आहेत, पण म्हणूनच यांचे नवे कॉपी पण जास्त फिरतात, जरा सांभाळून.

आणि आता सगळ्यात मोठा चकवा. "ओशनोग्राफिक सिस्टम अटलांटिक" किंवा "पॅसिफिक" असं लिहिलेला पॅच बघितला की आपल्याला वाटतं वा, समुद्रशास्त्र. तसं नाहीये. ते मुद्दाम दिलेलं साधं नाव होतं. शीतयुद्धात समुद्रतळावर हायड्रोफोनच्या (पाण्याखालच्या मायक्रोफोनच्या) रांगा टाकून रशियन सबमरीनचे आवाज ऐकायची जी सोसस यंत्रणा होती, तिच्या कमांडचं हे नाव. किनाऱ्यावरच्या केंद्रांना नुसतं "नेव्हल फॅसिलिटी" म्हणायचे, केफ्लाविक, ब्रॉडी, अर्जेंटिया, अडाक, बर्म्युडा वगैरे. १९९१ ला गुप्तता उठली. त्या पॅचवर त्रिशूळ, पाण्यातल्या लाटा, नेपच्यून असलं काहीतरी दिसेल पण काम काय ते कुठेच लिहिलेलं नसायचं, साहजिकच. हे पॅच नाही घ्यायचे असं नाही, उलट मला स्वतःला हेच जास्त आवडतात, पण अल्बममध्ये वेगळा भाग करा, सर्व्हे जहाजांच्यात घुसडू नका.

बरं, खरं-खोटं कसं ओळखायचं. विकणाऱ्याकडे नेहमी मागच्या बाजूचा फोटो मागा. पुढची बाजू कोणीही सुंदर बनवतो. पॅच उलटा केलात की जुन्यात काय दिसतं: पांढऱ्या दोऱ्याचं जाळं, एका अक्षरावरून दुसऱ्या अक्षरावर उडी मारून गेलेले सुटे दोरे, बऱ्याचदा मागे चिकटलेलं जाळीदार पातळ कापड, थोडं पिवळं पडलेलं. किनार गोल जाड गुंडाळलेली असेल तर ती ओव्हरलॉकसारख्या मशीनची, तिला मेरो किनार म्हणतात, आणि ती जिथे संपते तिथे दोऱ्याची एक छोटी शेपटी राहते जी मागे वळवून चिकटवलेली असते. बोटाने चाचपली की लागते. साठच्या दशकाच्या आधीच्या पॅचना सहसा ही किनार नसते, कापड सरळ कापलेलं असतं. मागे चकचकीत प्लॅस्टिकचा थर असेल तर सत्तरीच्या पुढचा समजा. वेल्क्रो असेल तर बहुतेक वेळा अगदी अलीकडचा. म्हणजे बोडिचचा (२१) साठच्या दशकातला पॅच म्हणून कोणी प्लॅस्टिक बॅकिंगवाला, कॉम्प्युटर मशीनवर विणलेला चकाचक माल देत असेल तर हसून पुढे जा.

यूव्ही टॉर्चची टेस्ट पण लोक सांगतात, की आधुनिक पॉलिस्टर दोरा निळसर चमकतो आणि जुना कॉटन-रेयॉन चमकत नाही. टेस्ट बरोबर आहे पण अर्धीच, कारण जुना पॅच कोणी आजच्या डिटर्जंटमध्ये धुतला असेल तर तोही दिव्यासारखा चमकेल. शिवाय जपान आणि फिलिपिन्सच्या बंदरांबाहेरच्या दुकानांत हाताने मशीन फिरवून बनवलेले पॅच असतात, ते वेडेवाकडे, स्पेलिंग चुकलेले, अक्षरं एका बाजूला झुकलेली. ते नकली नाहीत हो! खलाशांनी खरोखर तिथे शिवून घेतलेत, आणि जाणकार लोक त्यांनाच जास्त पैसे मोजतात.

खरेदी मुख्यतः ईबेवरच होते. सर्च करताना पूर्ण नाव टाकू नका, नंबर टाका, शॉर्टफॉर्म टाका, चुकीचं स्पेलिंगसुद्धा टाका, कारण ओशनोग्राफिक हा शब्द भल्याभल्यांना नीट लिहिता येत नाही आणि चुकीच्या स्पेलिंगवाला माल कोणाला दिसतच नाही, म्हणून स्वस्तात जातो. "नेव्ही पॅच लॉट" असे गठ्ठे विकायला येतात, एखाद्या रिटायर्ड माणसाच्या घरातलं सगळं सामान. फोटो झूम करून बघत बसायचं, कोपऱ्यात एखादा सर्व्हेवाला लपलेला असतो. भारतात मागवताना शिपिंग पॅचपेक्षा महाग पडतं हे धरूनच चाला, वर कस्टम ड्यूटी लागू शकते. म्हणून सुटा एकेक मागवू नका, एकाच विकणाऱ्याकडून चार-पाच जमवून एकत्र पाठवायला सांगा. अमेरिकेत मावशी, भाचा, कॉलेजचा मित्र कोणीतरी असतोच आपलं, त्याच्या पत्त्यावर जमवत राहायचं आणि दिवाळीला येताना बॅगेत आणायला सांगायचं. पॅचला वजन काय, चकलीच्या डब्यापेक्षा कमी जागा लागते.

चोरबाजार किंवा पुण्याचा जुना बाजार इथे हे मिळतील अशी आशा ठेवू नका. मुंबईच्या दारूखान्यात जहाजभंगारवाल्यांकडे लाकडी-पितळी क्रेस्ट (जहाजाचं बोधचिन्ह) कधीतरी दिसतात, पण तो वेगळा छंद झाला.

आपल्या नेव्हीच्या सर्व्हे जहाजांचं म्हणाल तर तिथे मान क्रेस्टला आणि जहाजाच्या नावाच्या टोपीला जास्त आहे. पांढरं जहाज आणि पिवळसर फनेल, लांबूनच ओळखू येतं. जुनी आयएनएस संधायक १९८१ ते २०२१ चालली, नवी फेब्रुवारी २०२४ ला आली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निर्देशक, दोन्ही कोलकात्याच्या जीआरएसई या शिपयार्डने बांधलेल्या. म्हणजे इथेही तोच नियम, नाव एक आणि जहाजं दोन. हायड्रोग्राफीचं ट्रेनिंग गोव्यात होतं आणि मुख्य ऑफिस डेहराडूनला, त्यामुळे त्या बाजूचे निवृत्त काका ओळखीत असतील तर आदराने विचारा, खूपदा ट्रंकेत काहीतरी असतं. पण दोन गोष्टी पाळा. सर्व्हिसमध्ये असलेल्या माणसाला पॅचसाठी पिडू नका आणि जहाज कुठे आहे, कधी निघणार असले प्रश्न तर चुकूनही नाही, अनोळखी माणसाने असं विचारलं की समोरचा दचकणारच आणि त्याने दचकायलाच हवं. दुसरं, जमवणं वेगळं आणि अंगावर घालून नेव्हीवाला असल्याचं भासवणं वेगळं, त्यासाठी भारतीय न्याय संहितेत कलम १६८ आहे, पूर्वी आयपीसीत १४० होतं.

ठेवायचं कसं हे आपल्याकडे जास्त महत्त्वाचं, कारण मुंबई-कोकणातला पावसाळा. पीव्हीसीचे स्वस्त फोल्डर घेऊ नका, ते काही वर्षांत चिकट होतात आणि दोऱ्याला लागतात. पॉलिप्रॉपिलिनची चार खणांची पानं घ्या, पत्त्यांच्या कार्डांसाठीची नऊ खणांची पानं लहान पडतात कारण बरेचसे पॅच तीन ते पाच इंची असतात. सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या बदलत राहा, एकदा टाकून विसरलात तर उपयोग शून्य. डांबरगोळ्या प्लॅस्टिकला टेकवू नका. धुवायचं नाही, इस्त्री तर अजिबात नाही, लाल दोरा रंग सोडतो आणि पांढऱ्यावर पसरतो. जॅकेटवरून उसवलेल्या पॅचला कडेने शिलाईची भोकं आणि तुटके दोरे असतील तर ते तसेच राहू द्या, तो वापरल्याचा पुरावा आहे.

प्रत्येक पॅचमागे एक कार्ड ठेवा, पेन्सिलने लिहिलेलं: जहाज, नंबर, युनिट, अंदाजे साल, कोणाकडून घेतला आणि विकणाऱ्याने काय सांगितलं. दोन्ही बाजू स्कॅन करा, आणि विकणारा स्वतः त्या जहाजावर होता असं दिसलं तर पैसे दिल्यावर एक मेसेज टाकून विचाराच की बाबा तू तिथे काय करायचास. बरेच जण भरभरून लिहितात. तो मेसेज प्रिंट काढून कार्डासोबत लावा. एकाच प्रकारचे दोन झाले तर कमी चांगला विकू नका, बदलीला ठेवा, या छंदात पैशांपेक्षा अदलाबदलीवर लवकर माल मिळतो.