फायबर कनेक्टरचा रिटर्न लॉस कसा मोजावा

काच आणि हवा जिथे भेटतात तिथे सुमारे साडेतीन टक्के प्रकाश आल्या वाटेने परत फिरतो. चांगल्या यूपीसी (टोक किंचित गोलाकार घासलेल्या) जोडातून मात्र फार तर लाखातला एक भाग परतावा, म्हणजे रिटर्न लॉस (परतणारा प्रकाश किती क्षीण ते सांगणारा आकडा, मोठा तितका चांगला) ५० डीबी. एपीसीत (टोक तिरकं घासलेल्या जोडात) दहा लाखांतला एक, म्हणजे ६० डीबी. इतका क्षीण प्रकाश मोजताना खरी मेहनत लागते ती नको असलेला प्रकाश वाटेतच संपवायला.

साहित्य: १३१० किंवा १५५० नॅनोमीटरचा स्थिर लेझर, कपलर (फायबरमधला प्रकाश वाटणारा किंवा एकत्र आणणारा जोड), पॉवर मीटर, खात्रीची टेस्ट कॉर्ड, पेन्सिलीच्या जाडीचा गुळगुळीत दांडा, मायक्रोस्कोप आणि सफाईचं साहित्य. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, म्हणून लेझर चालू असताना टोकाकडे थेट किंवा मायक्रोस्कोपमधून अजिबात पाहू नका.

१. लेझर बंद ठेवून दोन्ही टोकं तपासा आणि पुसा. पुसल्यावर पुन्हा बघा. गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा असतो. त्यावर बसलेला एक कणसुद्धा आकडा बिघडवतो.

२. कपलरच्या एका बाजूच्या दोन टोकांना लेझर आणि मीटर लावा, दुसऱ्या बाजूला टेस्ट कॉर्ड. कपलर चार टोकांचा असेल तर उरलेलं टोक मोकळं सोडू नका, तिथली फायबरही दांड्यावर गुंडाळा, म्हणजे वाकल्या जागी प्रकाश बाहेर गळून जाईल. लेझर तापून स्थिर होऊ द्या.

३. टेस्ट कॉर्डचं यूपीसी टोक हवेत उघडं ठेवून वाचन घ्या. हा तुमचा संदर्भ: साडेतीन टक्के परतावा, म्हणजे साधारण १४.५ डीबी. एपीसी टोक इथे चालत नाही, कारण त्याच्या ८ अंशांच्या उतारामुळे परतणारा प्रकाश गाभ्यात टिकतच नाही.

४. आता टेस्ट कॉर्ड टोकाच्या अलीकडे दांड्यावर पाच-सहा वेढे गुंडाळा. वाचन एकदम कोसळेल. जे उरलं ते तुमच्या मांडणीचंच परावर्तन. ते लिहून ठेवा.

५. वेढे सोडा, तपासायचा कनेक्टर जोडा आणि जोडाच्या लगेच पुढे फायबर गुंडाळा. ही पायरी गाळली तर पलीकडच्या उघड्या टोकाचा प्रकाश परत येतो आणि उत्तम कनेक्टरही १५ डीबीचा दिसतो.

हिशोब नॅनोवॉटमध्ये करा. डीबीएममधले (मीटरच्या लॉगरिदमिक एककातले) आकडे एकमेकांतून वजा केले तर उत्तर चुकणारच. समजा संदर्भ ७००० नॅनोवॉट, मांडणीचं परावर्तन ०.३ आणि जोडाचं वाचन १ आलं. जोडाचा खरा वाटा ०.७. संदर्भ त्याच्या १०,००० पट, म्हणजे ४० डीबी, त्यात १४.५ मिळवले की ५४.५ डीबी. (संदर्भातून ०.३ वजा केल्याने इथे फरक पडत नाही.) जोडाच्या वाचनातून ते वजा केलं नसतं तर तोच कनेक्टर ५३ डीबीचा वाटला असता.

दोन ठिकाणी ही रीत अडते. जी.६५७ जातीची फायबर वाकवली तरी प्रकाश सहज सोडत नाही; तिथे वेढ्यांवर न विसंबता उघड्या टोकाला इंडेक्स मॅचिंग जेल (काचेइतकाच अपवर्तनांक असलेलं, परावर्तन थांबवणारं) लावा आणि मोजणी झाल्यावर ते पूर्ण पुसा. १३१० नॅनोमीटरलाही वेढे १५५० पेक्षा कमी परिणाम करतात, तेव्हा वेढा लहान करा किंवा संख्या वाढवा, आणि वाचन आणखी खाली जायचं थांबेपर्यंत पुढे सरकू नका.

एपीसी जोडात मात्र मांडणीचं परावर्तन कनेक्टरच्या परावर्तनाहून मोठं ठरू शकतं. मग वजाबाकीवर भरवसा ठेवता येत नाही. प्रत्येक परावर्तन अंतरानुसार वेगळं दाखवणारं, जवळजवळचे जोडही सुटे ओळखणारं ओटीडीआर तत्त्वाचं उपकरण घ्या.