टूलचा डिफॉल्ट बदलायचाय? आधी रात्रीच्या स्क्रिप्ट शोधा

पहिल्या नोकरीत कोरं टूल लिहायला क्वचितच मिळतं. जुन्या टूलमधली एखादी तक्रार तुमच्या नावावर येते आणि कोणीतरी म्हणतं, "डिफॉल्टच बदलून टाक ना." तिथे थांबा. डिफॉल्ट म्हणजे कोणी पर्याय दिला नाही, तर टूल आपोआप जे करतं ते.

मरोळच्या ज्या ऑफिसात मी होतो, तिथे ग्राहकांची यादी सीएसव्हीत काढून देणारं कमांड-लाइन टूल होतं. फाइलचं एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत, यूटीएफ-८. अकाउंट्सच्या ताई ती एक्सेलमध्ये डबल-क्लिकने उघडायच्या आणि मराठी नावांच्या जागी भलतीच चिन्हं दिसायची. फाइलच्या सुरुवातीला बीओएम (एन्कोडिंग सांगणारी तीन बाइटची खूण) नसला की एक्सेल बहुतेकदा ती जुन्या विंडोज एन्कोडिंगने वाचतं. उपाय सोपा, सुरुवातीला तीन बाइट जास्त लिहायचे. टीमने तेच डिफॉल्ट केलं आणि ताईंची नावं नीट दिसू लागली.

पण त्याच फाइलवर रात्री क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या सोयीतून) एक पायथन स्क्रिप्ट चालायची. ती फाइल साधी यूटीएफ-८ म्हणून उघडायची, त्यामुळे बीओएम पहिल्या कॉलमच्या नावाला चिकटला. स्क्रीनवर 'आयडी'च दिसतं, पण त्याच्या आधी एक न दिसणारं अक्षर बसलेलं असतं. 'गेट' वापरून 'आयडी' मागितला की एरर येत नाही, 'नन', म्हणजे 'काहीच नाही', मिळतं. आयडी नसलेली ओळ वगळायची अशी अट स्क्रिप्टमध्ये होती, म्हणून सगळ्याच ओळी वगळल्या गेल्या. एक्झिट कोड शून्य, म्हणजे 'सगळं ठीक', आणि लॉगमध्ये काही नाही. चौकोनी कंसाने मागितला असता तर 'की-एरर' येऊन स्क्रिप्ट पडली असती, आणि ते कितीतरी बरं झालं असतं. असं काही वाटलं तर हेडर नुसतं प्रिंट करू नका, 'रेप्र' (न दिसणारी अक्षरंही दाखवणारं पायथनचं फंक्शन) लावून प्रिंट करा, किंवा हेक्सडंपमध्ये पहिले तीन बाइट पाहा: ईएफ, बीबी, बीएफ. मी हे इतकं सविस्तर सांगतोय, कारण डोळ्यांना दोन्ही फाइली अगदी सारख्या दिसतात.

"मेजर व्हर्जन वाढव, चेंजलॉगमध्ये लिही, झालं" असं सांगणाऱ्या सीनियरचं ऐकून गप्प बसू नका. ज्याने कधी पर्याय दिलाच नाही, त्याला तिथे पर्याय आहे हेही ठाऊक नसतं. "हे आउटपुट पुढे कोण वाचतं?" असं विचारणारा सीनियर मिळाला तर त्याच्याजवळ टिकून राहा.

कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटने 'पुश'चा (कोड सर्व्हरवर पाठवण्याचा) डिफॉल्ट २०१४ साली २.० मध्ये बदलला. त्याआधीच्या आवृत्त्यांत, सेटिंग न केलेल्यांना टूलच इशारा द्यायचं, आणि जुनी किंवा नवी पद्धत पक्की करायची कमांडही तिथेच छापायचं. उलट २०१६ मध्ये लिनक्समधल्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीच्या २३० आवृत्तीने लॉगआउटनंतर युजरच्या प्रोसेस बंद करणं डिफॉल्ट केलं. 'स्क्रीन' आणि 'टीमक्स' या, लॉगआउटनंतरही कामं चालू ठेवणाऱ्या टूलमधली कामं त्यात मरायची. डेबियन या लिनक्स वितरणाने आपल्या पॅकेजात जुना डिफॉल्ट परत आणला.

म्हणून डिफॉल्टला हातच लावायचा नाही, असं नाही. घाबरू नका. सुरक्षेचा प्रश्न असेल तर बदलायलाच हवा. सर्व्हरवर दुरून लॉगिन करायच्या ओपनएसएसएच ८.८ ने २०२१ मध्ये शा-१ हे जुनं, कमकुवत हॅश वापरणाऱ्या आरएसए सह्या डिफॉल्टने बंद केल्या. काही जुन्या सर्व्हरवर लॉगिन अडलं, पण ते लगेच आणि तोंडावर अडलं. माझ्या मते मोडणं परवडतं, गुपचूप वेगळं उत्तर देणं परवडत नाही. आणि इशारा क्रॉनमध्ये छापला तर तो वाचणारं कोणी आहे का, हेही आधी बघा.

आमच्याकडे डिफॉल्ट पूर्ववत झाला, एक्सेलसाठी वेगळा पर्याय आला आणि तो घातलेली बॅच फाइल ताईंच्या डेस्कटॉपवर गेली. तुमच्या स्क्रिप्टमध्ये सीएसव्ही वाचताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' असं स्पष्ट लिहा. बीओएम असो वा नसो, पायथन दोन्ही फाइली नीट वाचतं.