खटल्याविना लष्करी कैद नको: ही मागणी अमेरिकी खासदारापर्यंत कशी पोचवावी

अमेरिकेत दरवर्षी संरक्षण कायदा होतो, त्याला एनडीएए म्हणतात. 2012 या आर्थिक वर्षाच्या एनडीएएमध्ये 1021 क्रमांकाचे एक कलम आहे. अध्यक्ष बराक ओबामा यांनी 31 डिसेंबर 2011 रोजी या कायद्यावर सही केली. अल-कायदा, तालिबान किंवा त्यांच्या ‘सहयोगी शक्तीं’ना ‘भरीव मदत’ करणाऱ्या माणसाला लढाई संपेपर्यंत, खटला न चालवता, लष्कराच्या ताब्यात ठेवता येते असे ते कलम म्हणते. सहयोगी कोण, भरीव मदत म्हणजे किती, लढाई संपली हे ठरवणार कोण, याचा खुलासा त्यात नाही.

सही करताना ओबामांनी लेखी निवेदन काढले: आपले सरकार अमेरिकी नागरिकांना असे बेमुदत डांबणार नाही. पण निवेदनाचा शब्द त्या सरकारपुरता होता. कायदा मात्र पुढच्या प्रत्येक अध्यक्षाच्या हाती जसाच्या तसा जातो. त्यामुळे दुरुस्ती काँग्रेसनेच, म्हणजे अमेरिकी संसदेनेच, करायला हवी, आणि मतदार मागे लागल्याशिवाय काँग्रेस अशा विषयाला हात घालत नाही. न्यू जर्सीत, बे एरियात, टेक्सासात स्थायिक झालेल्या मराठी घरांना हे काम करता येण्यासारखे आहे. त्याची रीत पुढे दिली आहे.

आधी कलम वाचा, विशेषतः उपकलम ई

काँग्रेस डॉट गव्ह या संकेतस्थळावर पब्लिक लॉ 112-81 शोधा आणि कलम 1021 व 1022 काढा. दोन्ही मिळून वाचायला पंधरा मिनिटे लागतात. हा अभ्यास टाळू नका, कारण सगळा वाद एका वाक्यावर अडला आहे.

ते वाक्य 1021 च्या उपकलम ई मध्ये आहे. त्याचा आशय असा: अमेरिकी नागरिक, कायदेशीर कायम रहिवासी किंवा अमेरिकेत पकडलेली इतर कोणतीही व्यक्ती यांच्या स्थानबद्धतेविषयी आज जो कायदा आहे, त्यात या कलमाने काहीही बदल होत नाही. खासदाराच्या कार्यालयाकडून येणारे ठरावीक उत्तर जवळजवळ नेहमी याच वाक्यावर उभे असते: ‘काळजी नसावी, हे कलम नागरिकांना लागू नाही.’

उपकलम तसे म्हणतच नाही. ‘आजचा कायदा कायम’ एवढेच ते म्हणते, आणि आजचा कायदा काय आहे याचा निकाल लागलेलाच नाही. होजे पदिया या अमेरिकी नागरिकाला मे 2002 मध्ये शिकागोच्या ओहेअर विमानतळावर पकडले. महिन्याभरात त्याला ‘शत्रू योद्धा’ ठरवून साउथ कॅरोलायनातील चार्ल्सटनच्या नौदल तुरुंगात नेले आणि साडेतीन वर्षे आरोपपत्राविना ठेवले. 2003 मध्ये एका अपील न्यायालयाने अध्यक्षांना हा अधिकार नाही असे सांगितले. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अर्ज चुकीच्या जिल्ह्यात केला या कारणावरून प्रकरण परत पाठवले. 2005 मध्ये दुसऱ्या अपील न्यायालयाने अधिकार आहे असा निर्णय दिला. सर्वोच्च न्यायालयात ते पुन्हा ऐकले जाण्याआधीच सरकारने पदियाला साध्या फौजदारी न्यायालयाकडे सोपवले, आणि मूळ प्रश्न लोंबकळत राहिला. ई उपकलमाने जपून ठेवला आहे तो हाच अनिश्चितपणा.

पदियाचा हा इतिहास चार वाक्यांत सांगता येईल इतका पाठ करा. पुढच्या प्रत्येक पायरीवर तो लागेल.

याच्या जोडीला दोन गोष्टी माहीत असाव्यात. काही पत्रकार आणि कार्यकर्त्यांनी 1021 ला न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात आव्हान दिले. सप्टेंबर 2012 मध्ये न्यायाधीश कॅथरीन फॉरेस्ट यांनी कलमाच्या वादग्रस्त भागाला कायमची मनाई केली. जुलै 2013 मध्ये अपील न्यायालयाने, दावा करण्याइतका अर्जदारांचा संबंध नाही म्हणून ती उठवली, आणि एप्रिल 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण घेण्यास नकार दिला. म्हणजे कोर्टाची वाट सध्या तरी बंद आहे. दुसरी गोष्ट 2013 च्या एनडीएएमधील कलम 1029. अमेरिकेत असलेल्या कोणाचाही बंदी प्रत्यक्षीकरणाचा हक्क या कायद्यांमुळे हिरावला जात नाही, असे ते सांगते. कार्यालय याचाही दाखला देईल. त्यावर उत्तर असे की बंदी प्रत्यक्षीकरण म्हणजे ‘मला का धरले’ हे न्यायाधीशाला विचारता येणे. आरोपपत्र, ज्यूरी आणि खटला ही त्यापुढची गोष्ट आहे, आणि तिची हमी त्या कलमात नाही.

भारतात वाढलेल्या वाचकासाठी एक सूचना. आपल्याकडे प्रतिबंधात्मक स्थानबद्धता घटनेच्या कलम 22 मध्येच बसवलेली आहे, त्यामुळे ‘सुरक्षेसाठी थोडे चालायचेच’ असे मनात येऊ शकते. अमेरिकी घटनेत तशी तरतूद नाही. तिथली पाचवी घटनादुरुस्ती कोणत्याही ‘व्यक्ती’चे स्वातंत्र्य रीतसर न्यायप्रक्रियेशिवाय काढून घेऊ देत नाही. मिसा आणि आणीबाणीचा दाखला घरच्या चर्चेत जरूर द्या. वॉशिंग्टनमधल्या सहायकाशी बोलताना पदिया पुरेसा आहे.

कोणाला गाठायचे

तुमचे लोकप्रतिनिधी तीनच: प्रतिनिधिगृहातला एक सदस्य आणि राज्याचे दोन सिनेटर. हाउस डॉट गव्हवर घरचा झिप कोड टाकला की सदस्याचे नाव मिळते. एकाच झिपमध्ये दोन मतदारसंघ येत असतील तर पूर्ण पत्ता किंवा नऊ आकडी झिप मागतात.

इथे एक चूक फार होते. मिशिगनचे श्री ठाणेदार मराठी आहेत, म्हणून न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातून त्यांनाच लिहावेसे वाटते. त्याचा उपयोग नाही. कार्यालये आधी पत्ता पाहतात आणि मतदारसंघाबाहेरचे पत्र बाजूला ठेवतात. मराठी मंडळातल्या पन्नास घरांनी आपापल्या सदस्याला लिहिले, तर दहा वेगवेगळ्या कार्यालयांत नोंद होते. तेच हवे आहे.

ग्रीन कार्डवाले किंवा एच-1बी व्हिसावाले लिहू शकतात का? हो. गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क पहिल्या घटनादुरुस्तीत ‘लोकां’ना दिला आहे, आणि मतदारसंघात राहणारा माणूस त्या कार्यालयाच्या हिशेबात धरला जातो. मात्र मतदार नसाल तर मतदार असल्याचे कधीही म्हणू नका. ‘मी तुमच्या मतदारसंघात राहतो’ एवढे खरे आणि पुरेसे आहे. हा विषय व्हिसावाल्यांना दूरचाही नाही. अली अल-मर्री हा कतारचा माणूस शिक्षणासाठी कुटुंबासह इलिनॉयमधल्या पिओरियात कायदेशीरपणे राहत होता. 2003 ते 2009 अशी सुमारे सहा वर्षे तोही चार्ल्सटनच्या त्याच तुरुंगात लष्कराच्या ताब्यात होता.

नेमके काय मागायचे

‘नागरी स्वातंत्र्याचे रक्षण करा’ अशी मागणी कोणीही मान्य करतो आणि काहीच करत नाही. हो किंवा नाही असे उत्तर देता येईल, अशीच मागणी ठेवा. ती तीनपैकी एक असावी:

1. अमेरिकेत खटल्याविना डांबण्याला मनाई करणारे ‘ड्यू प्रोसेस गॅरंटी अ‍ॅक्ट’ हे विधेयक मांडले गेले असेल तर त्याला सहप्रायोजक व्हा.
2. यंदाच्या एनडीएएवर कलम 1021 रद्द करणारी किंवा देशांतर्गत लष्करी स्थानबद्धता रोखणारी दुरुस्ती आली, तर तिच्या बाजूने मत द्या.
3. सभागृहाने मंजूर केलेली अशी दुरुस्ती दोन्ही सभागृहांच्या वाटाघाटीत गाळू देऊ नका.

तिसरी मागणी किरकोळ वाटेल, पण घात तिथेच झाला होता. 29 नोव्हेंबर 2012 रोजी डायॅन फाइनस्टाइन आणि माइक ली या दोन पक्षांच्या सिनेटरांची दुरुस्ती सिनेटने 67 विरुद्ध 29 मतांनी मंजूर केली. अमेरिकेत पकडलेल्या नागरिकाला किंवा कायम रहिवाशाला काँग्रेसने स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय आरोप वा खटल्याविना डांबता येणार नाही, असा तिचा गाभा होता. काही आठवड्यांत ती अंतिम मसुद्यातून वगळली गेली. मतदानानंतर फोन थंडावतात आणि बंद दाराआड मजकूर बदलतो, हा त्यातला धडा.

त्या दुरुस्तीत आणखी एक उणीव होती: तिच्यात व्हिसावर असलेल्यांचे नाव नव्हते. घटना ‘व्यक्ती’ म्हणते, म्हणून तुम्हीही ‘अमेरिकेत पकडलेली कोणतीही व्यक्ती’ हेच शब्द मागा.

विधेयकाचा क्रमांक दर दोन वर्षांनी बदलतो. विषम वर्षाच्या जानेवारीत नवी काँग्रेस सुरू होते आणि आधीची अपुरी विधेयके निकालात निघतात. जुन्या पत्रातला क्रमांक उचलला तर सहायकाला असे विधेयक सापडणारच नाही. पत्र धाडण्याच्या दिवशीच क्रमांक तपासा.

केव्हा

एनडीएए दरवर्षी येतो, म्हणून संधीही दरवर्षी येते. साधारणपणे वसंतात सदस्य आपापल्या सूचना समितीला देतात, मे-जूनच्या सुमारास दोन्ही सशस्त्र सेवा समित्या मसुदा ठरवतात, उन्हाळ्यापासून शरद ऋतूपर्यंत सभागृहांत मतदान होते आणि डिसेंबरकडे अंतिम मसुदा येतो. वेळापत्रक सरकते, त्यामुळे समितीच्या संकेतस्थळावर नजर ठेवा.

पहिला संपर्क मार्च-एप्रिलमध्ये करा. तुमचा सदस्य सशस्त्र सेवा समितीवर असेल तर हेच दिवस सर्वांत मोलाचे. प्रतिनिधिगृहात कोणत्या दुरुस्त्या मताला येणार हे नियम समिती ठरवते. तिची बैठक होण्याआधीच्या आठवड्यात दुसरा फोन करा. ‘दुरुस्ती मताला येऊ द्या’ ही वेगळी मागणी आहे, आणि तिला हो म्हणणे सदस्याला सोपे जाते.

फोन, फॉर्म, पत्र

कॅपिटलच्या स्विचबोर्डचा क्रमांक 202-224-3121. सदस्याचे नाव सांगितले की जोडून देतात. पलीकडे बहुतेकदा एखादा तरुण कर्मचारी किंवा प्रशिक्षणार्थी असतो. तो नाव, गाव, झिप आणि विषय लिहून घेतो, बाजूने की विरोधात याची खूण करतो. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, कारण धोरण त्याच्या हातात नसते. मिनिटभरात संपवा. इंग्रजीत बोलाल, पण आराखडा असा:

‘मी अमुक, एडिसनमध्ये राहते, झिप अमुक. एनडीएएच्या कलम 1021 विषयी फोन केला आहे. अमेरिकेत पकडलेल्या कोणत्याही व्यक्तीला खटल्याविना लष्करी कैदेत ठेवण्यावर बंदी घालणाऱ्या दुरुस्तीला सदस्यांनी मत द्यावे. त्यांची यावर भूमिका ठरली आहे का? नसेल तर संरक्षण विषय पाहणाऱ्या सहायकांचे नाव मिळेल का?’

शेवटचा प्रश्न विसरू नका. त्या नावाने पाठवलेली ईमेल योग्य टेबलावर जाते.

संकेतस्थळावरच्या फॉर्ममध्ये विषयाची यादी असते. दुरुस्तीविषयी लिहीत असाल तर ‘डिफेन्स’ निवडा. ड्यू प्रोसेस विधेयकाविषयी लिहीत असाल तर ‘ज्युडिशियरी’ किंवा ‘सिव्हिल लिबर्टीज’. चुकीचा विषय निवडला की पत्र दुसऱ्याच सहायकाकडे जाते आणि उत्तर भलतेच येते. मजकूर 250 ते 300 शब्दांत बसवा. पहिल्या दोन ओळींत मागणी, मग पदिया, मग उपकलम ई विषयी एक परिच्छेद, शेवटी लेखी उत्तराची विनंती. संघटनांचा तयार मजकूर तसाच चिकटवला तर कार्यालय असे सगळे मेसेज एका गठ्ठ्यात मोजते. पहिला परिच्छेद तरी स्वतःचा असू द्या.

कागदी पत्र पाठवायचे तर मतदारसंघातल्या कार्यालयात पाठवा. 2001 मध्ये टपालातून अँथ्रॅक्सचे घातक जंतू पाठवले गेले, तेव्हापासून वॉशिंग्टनला जाणारी टपाल सुरक्षा तपासणीतून जाते आणि त्यात बराच वेळ मोडतो.

निवडणूक देणगीचा उल्लेख फोनवर, पत्रात, भेटीत कुठेही नको. सरकारी कामाशी पैशाचा संबंध जोडणे बेकायदा आहे, आणि तसा वास आला तरी कार्यालय बोलणे थांबवते.

भेट

ऑगस्टमध्ये सदस्य मतदारसंघात असतात. तीन-चार आठवडे आधी स्थानिक कार्यालयाला लेखी विनंती करा. सदस्याऐवजी सहायक भेटला तरी नाराज होऊ नका. मताची शिफारस अनेकदा सहायकच लिहितात. पंधरा-वीस मिनिटे मिळतात. तिघे-चौघे जा, त्यात एक वकील, माजी सैनिक किंवा स्थानिक व्यावसायिक असला तर उत्तम. बोलायचे विषय आधी वाटून घ्या आणि एकपानी टिपण ठेवून या.

सुरक्षेबाबत कडक असलेल्या सदस्यापुढे हा मुद्दा चालतो: पदियाला शेवटी मायामीच्या साध्या ज्यूरीने 2007 मध्ये दोषी ठरवले आणि अल-मर्रीने 2009 मध्ये साध्या संघीय न्यायालयात गुन्हा कबूल केला. लष्करी कोठडीतल्या वर्षांनी जे झाले नाही ते न्यायालयांनी केले.

‘काँग्रेस यात पडत नाही’ असे कोणी म्हणाले तर 1971 सांगा. 1942 च्या आदेशाने सुमारे 1,20,000 जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत कोंडले गेले, त्यांतले बहुसंख्य अमेरिकी नागरिक होते. पुढे 1950 च्या कायद्याने आणीबाणीत लोकांना डांबण्याची सोय पुन्हा केली. जपानी-अमेरिकी संघटनांनी तो रद्द करून घेण्यासाठी मोहीम चालवली, आणि 1971 मध्ये काँग्रेसने तो रद्द करून, कायद्याच्या आधाराशिवाय कोणाही नागरिकाला कैद करता येणार नाही असे लिहून ठेवले.

उत्तर आल्यावर

उत्तराला काही आठवडे लागतात. ते ‘नागरिकांना लागू नाही’ असे असेल तर लगेच चार ओळींचे दुसरे पत्र पाठवा: ‘उपकलम ई आजचा कायदा कायम ठेवते. पदिया प्रकरणात 2005 च्या निर्णयाने नागरिकाची लष्करी स्थानबद्धता वैध ठरवली होती. ती वैध नाही असे सदस्यांचे मत आहे का? असेल तर ते कायद्यात लिहिणाऱ्या दुरुस्तीला ते मत देतील का?’ या प्रश्नाला छापील उत्तर नसते, त्यामुळे सहायकाला स्वतः लिहावे लागते. तीन आठवड्यांत काही आले नाही तर पत्राची तारीख सांगून फोन करा. मतदानानंतर सदस्याचे मत काँग्रेस डॉट गव्हवर पाहा आणि त्याप्रमाणे आभाराचे किंवा नाराजीचे पत्र धाडा. आभाराचे पत्र क्वचितच कोणी पाठवते, म्हणून ते लक्षात राहते.

वॉशिंग्टनमध्ये दाद लागत नसेल तर राज्य विधिमंडळाकडे वळा. व्हर्जिनियाने 2012 मध्ये आणि कॅलिफोर्नियाने 2013 मध्ये, अशा स्थानबद्धतेला राज्याच्या यंत्रणेने साथ देऊ नये असे कायदे केले. राज्याचे कायदे संघीय कलम रद्द करू शकत नाहीत, पण राज्याचा पोलीस आणि राज्याचा पैसा त्यापासून दूर ठेवू शकतात. तुमच्या राज्यात असा कायदा नसेल तर व्हर्जिनियाचा मजकूर छापून राज्य सिनेटरच्या कार्यालयात न्या. तिथे भेट मिळणे वॉशिंग्टनपेक्षा पुष्कळ सोपे असते.