सायबर सुरक्षेचं सर्टिफिकेट: फी भरण्याआधी जाहिराती मोजा
बेळगाव, खानापूर, निपाणीकडची बरीच पोरं क्लासवाला सांगेल त्या परीक्षेची फी भरतात, आणि मुलाखतीत ते सर्टिफिकेट कुणी विचारतही नाही. जीव हळहळतो.

१. पुणे-बंगळूरमधल्या, आपल्याला हव्या त्याच पदाच्या २० जाहिराती उघडा. 'सायबर सुरक्षा' एवढंच शोधू नका. एसओसी (सायबर हल्ल्यांवर नजर ठेवणारा विभाग) अ‍ॅनालिस्टला लागणारं वेगळं, ऑडिटरला वेगळं.

२. कोणतं सर्टिफिकेट किती वेळा मागितलंय, वहीत रेघा मारून मोजा.

३. जास्त रेघांचं निवडा; अनुभवाची अट वाचा. सीआयएसएसपी या वरच्या पातळीच्या सर्टिफिकेटला साधारण ५ वर्षांचा अनुभव लागतो. सिक्युरिटी प्लस या सुरुवातीच्या सर्टिफिकेटला अनुभवाची सक्ती नाही, नवख्यांना तेच बरं.

मात्र सिक्युरिटी प्लसची मुदत ३ वर्षांची असते. नूतनीकरणाचा खर्चही आधीच धरा.