ऑटरहाउंड पाळताय? या चुका टाळा

ऑटरहाउंड हा मूळचा ब्रिटनचा, नदीनाल्यांत पाणमांजराचा माग काढणारा शिकारी कुत्रा. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1978 साली पाणमांजराला कायद्याचं संरक्षण मिळालं आणि या कुत्र्याचं कामच गेलं. आज जगभरातले मिळूनही ते हजाराच्या आतच असतील. ब्रिटनच्या केनेल क्लबने त्याला धोक्यात आलेल्या देशी जातींमध्ये धरलंय. ब्रिटन-अमेरिकेत राहणाऱ्या कुणाच्या मनात हा कुत्रा घ्यायचं असेल, तर एक गोष्ट आधी समजून घ्या: काम गेलं, नाक तेच आहे.

हाक मारली की येईल, असं धरून चालणं

ही सगळ्यात मोठी चूक. पाण्यातून गेलेल्या, काही तास जुन्या वासाचा चिकाटीने पिच्छा पुरवावा, याचसाठी पिढ्यान्‌पिढ्या या कुत्र्यांची निवड झाली. आपल्याकडचा कारवानी डोळ्यांनी सावज हेरतो; ते नजरेआड झालं की बहुधा नाद सोडतो. ऑटरहाउंडला असं थांबायला कारणच नसतं. नाक जमिनीला लागलं की तुमची हाक त्याच्या डोक्यात शिरतच नाही. तो हट्टी आहे म्हणून नव्हे, त्या वेळी त्याला वासापुढे दुसरं काही सुचत नाही म्हणून.

त्यात परत आल्यावर त्याला रागावलात, तर परत येणं म्हणजे बोलणी खाणं एवढंच तो शिकतो. कितीही उशिरा आला तरी शाबासकी द्या. सराव दहा मीटरच्या लांब दोरीवर करा आणि खिशात वासाचा खाऊ ठेवा. कोरड्या बिस्किटापेक्षा उकडलेल्या कलेजीचा तुकडा कितीतरी कामाचा. मोकळ्या मैदानातही दोरी सोडू नका. कुंपण पाच फुटांहून उंच हवंच, पण फाटकाखालची फटही बघा.

रोज अंघोळ, नाहीतर सरसकट हजामत

त्याचे वरचे केस राठ, खालचे मऊ आणि दोन्ही किंचित तेलकट असतात. थंड पाण्यात त्याचं अंग राखतं ते हेच तेल. सारखा शॅम्पू लावून ते घालवू नका, केस मुळापासून कापू नका. आठवड्याला एकदा कातडीपर्यंत कंगवा पोचला पाहिजे. गाठी होतात त्या काखेत, कानांमागे आणि दाढीत. बोटांमध्ये पडदा असतो, तिथे अडकलेला चिखल आणि काटेही काढा.

पाणी पिताना तो तोंड पार बुडवतो आणि ओली दाढी घेऊन घरभर फिरतो. फरशी लख्ख हवी असणाऱ्यांनी दुसरा कुत्रा बघावा, हे माझं स्पष्ट मत.

कान लांब आणि लोंबते, आत हवा जात नाही. पोहून आला की कानाची पाळी उचलून कोरडी करा. आत तपकिरी मळ आणि आंबूस वास असेल, तर घरचं तेल न घालता पशुवैद्याकडे न्या.

पिल्लाला दमवणं

पूर्ण वाढलेला नर 50 किलोच्या आसपास जातो. एवढं वजन पेलणारे सांधे तयार व्हायला दीड-दोन वर्षं लागतात. तोवर जिने, उड्या, निसरड्या फरशीवरची धावाधाव टाळा. जेवण एकदम एक घमेलं न देता दोन-तीन वेळा विभागून द्या. जेवल्याबरोबर पळवू नका. पोट फुगलंय, उलटीचा उमाळा येतोय पण काही पडत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. पोटाला पीळ पडला असेल तर काही तासांत जीव जातो.

आवाजाचंही आधीच ठरवा. त्याचा खर्जातला हंबरडा फार दूरवर जातो. भिंतीला भिंत लागलेल्या घरात शेजाऱ्यांशी खटके उडणारच. हौसेने त्याला मुंबई-नागपूरच्या उन्हाळ्यात आणण्याचा विचार तर सोडूनच द्या.

आई-बापांचे कागद न बघता पिल्लू घेणं

संख्या इतकी कमी की सगळे एकमेकांचे नातेवाईक. या जातीत ग्लान्झमान थ्रॉम्बास्थेनिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. रक्त गोठवणाऱ्या रक्तबिंबिका (प्लेटलेट्स) असतात, पण एकमेकींना चिकटत नाहीत, त्यामुळे रक्त थांबत नाही. आई-बाप दोघेही वाहक, म्हणजे स्वतः आजारी नसून सदोष जनुक बाळगणारे असतील, तर प्रत्येक पिल्लाला आजाराची शक्यता 25 टक्के. दोघे वरून ठणठणीत दिसतात, म्हणून जनुकीय चाचणीचा कागदच मागा. सोबत खुब्याच्या एक्स-रेचा अहवालही. ब्रीडर टाळाटाळ करत असेल तर उठून या, पुढच्या विणीची वाट पाहा.

पिल्लू चाचणीविना आधीच घरी आलं असेल, तर दुधाचे दात पडताना हिरड्यांकडे लक्ष ठेवा. रक्त बराच वेळ झिरपत राहिलं तर लगेच दाखवा, आणि नसबंदीसारखी कुठलीही शस्त्रक्रिया ठरवण्याआधी ही चाचणी करून घ्या.