बैल मारका का होतो? गोऱ्ह्यापासूनच या चुका टाळा

आमच्या कोठ्यात एक गोऱ्हा (बैलाचं वासरू) होता. आठवड्याचा असताना त्याची माय मेली, म्हणून आईने त्याला बाटलीने दूध पाजून जगवला. पोरांच्या मागे अंगणभर फिरायचा, कोणाच्याही मांडीला डोकं लावून ढकलायचा. पोरं पाहुण्यांना मुद्दाम दाखवायची. बाबा म्हणायचे, "खेयते हो तो, लहान हाय अजून." पावणेदोन वर्षांचा झाल्यावर त्याने गव्हाणीत कुटार टाकायला वाकलेल्या काकांना तसंच ढकललं. त्याच्या लेखी तो तेव्हाही खेळच होता. काकांच्या दोन बरगड्या मोडल्या.

बैलांच्या बाबतीत आपली पहिली आणि सगळ्यात महाग चूक ही. माणसाच्या हातावर एकटा वाढलेला गोऱ्हा माणसाला आपल्यातलाच एक समजतो, आणि वयात आला की आपल्यातल्यांशीच जोर आजमावतो. कळपात वाढला असता तर मोठ्या ढोरांनी दोन धडका देऊन त्याला त्याची जागा दाखवली असती. म्हणून पोरक्या गोऱ्ह्याला दूध बाटलीने पाजा, पण ठेवा दुसऱ्या वासरांत. लाड करायचे तर मानेला, गळ्याखालच्या पोळीला, पाठीला खाजवा. कपाळाला हात लावून ढकलाढकली नको. त्याने डोकं लावलंच, तर त्याच क्षणी आवाज चढवून मोरखीला (तोंडाला बांधलेल्या दोरीला) एक झटका द्या. पाच मिनिटांनी काठी घेऊन आलात तर मार कशाचा हे त्याला कळत नाही. काठीवाला माणूस तेवढा लक्षात राहतो.

"खच्ची केला की निवेल"

अंग भरू दे, वशिंड येऊ दे, म्हणत आपण खच्ची करणं लांबवतो. खच्चीकरणाने माज उतरतो, पण एकदा लागलेली खोड तेवढ्याने जात नाही. मारायची लक्षणं दिसत असतील तर चार पक्के दात येईपर्यंत थांबू नका. आणि काम डॉक्टरकडूनच करून घ्या. दगडाने बडवायची जुनी रीत म्हणजे निव्वळ छळ आहे.

वेसण आणि तुतारी

वेसण हाकताना आवरायला असते, खुंट्याला बांधायला नाही. खुंट्याला गळ्यातलं दावं बांधा. नाकाला हिसके बसून जखम झालेला बैल पुढे तोंडाजवळ हात येऊ देत नाही, आणि आपण म्हणतो हा डोकं उडवतो. आपल्याकडची गवळाऊ जातीची जोडी मुळात चपळ, तिला आर (टोकदार खिळा) लावलेल्या तुतारीची, म्हणजे हाकायच्या काठीची, गरजच काय? तशीही आर लावलेली काठी ओढकामाच्या जनावरांच्या 1965 च्या नियमांत बसत नाही. त्याच नियमांत पारा 37 अंशांच्या वर असेल तर दुपारी 12 ते 3 जनावर गाडीला जुंपायचं नाही, असंही आहे. मे महिन्यात गाडी हाकताना आपल्यातले किती जण हे पाळतात, ते सांगायला नको.

इशारा ओळखा

बैल अचानक येत नाही, आधी सांगतो. तो तुमच्यासमोर आडवा उभा राहतो, पाठ कमानीसारखी करतो, मान खाली घालतो, पण डोळा तुमच्यावर ठेवतो. खुराने माती उकरतो, शिंगाने धुरा (बांध) उकरतो, डुरकतो. अशा वेळी ओरडत पळू नका, पाठही दाखवू नका. नजर त्याच्यावर ठेवून हळूहळू बाजूला सरका आणि मध्ये बंडी (बैलगाडी), झाड, जे असेल ते घ्या. एरवी जाताना बोलत, खांद्याच्या बाजूने जा. थेट मागचं त्याला दिसत नाही, दचकून लाथ बसते.

शांत बैल एकाएकी बिघडला तर

आधी खांदा पाहा. सुजला असेल तर जू ठेवताच तो शिंग उगारणारच. मग खूर पाहा, मग शिंग. डोकं सारखं हलवणं, शिंग खुंट्याला घासणं, एका नाकपुडीतून रक्त येणं, शिंग एकीकडे कलणं, ही शिंगाच्या कर्करोगाची लक्षणं असू शकतात. काम करणाऱ्या बैलांत तो होतो.

आवाज बसला, लाळ गळते, गिळता येत नाही, असं दिसलं तर "घशात काही अडकलं असेल" म्हणून तोंडात हात घालू नका. ही चूक जिवावर बेतते. रेबीज झालेलं ढोर नेमकं असंच दिसतं. बाजूला बांधा, पोरांना लांब ठेवा आणि 1962 या जनावरांच्या हेल्पलाइनवर फोन करून डॉक्टर बोलवा. लाळ अंगाला लागली असेल तर साबणाने धुऊन त्याच दिवशी दवाखान्यात जा.

पोळ्याच्या दिवशी

आदल्या संध्याकाळी खांदे शेकून "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच बैलाला डीजे नि फटाक्यांच्या गर्दीत उभं करायचं, हे मला कधी कळलं नाही. तोरणाखाली जुना, सरावलेला बैलच न्या. नवा गोऱ्हा यंदा घरीच पुजा.

आमचा तो गोऱ्हा पुढे खच्ची झाला आणि सात वर्षं डवऱ्याला (कोळपणीच्या औताला) चालला. पण त्याच्यापुढे वाकून गव्हाणीत कुटार टाकायला पुन्हा कोणी गेलं नाही. बाबांनी गव्हाणीमागच्या भिंतीच्या आठ-दहा विटा काढल्या आणि आम्ही टोपली बाहेरूनच रिकामी करू लागलो.