फिरत्या दवाखान्याची पाण्याची टाकी: नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

मेळघाटात फिरत्या दवाखान्याच्या गाडीवर मदतनीस म्हणून लागलो तेव्हा वाटलं होतं, औषधांच्या पेट्या उचलायच्या आणि रुग्णांची नावं लिहायची, एवढंच काम. पहिल्याच दिवशी ड्रायव्हर काकांनी मागचं बाकडं उचललं आणि खालची २०० लिटरची टाकी दाखवली. "पोरा, हे आता तुह्या जिम्म्यात. गोयी आपन देतो, पन तिच्यावरचा घोट याच्यातलाच राह्यते."

तुम्हीही अशा गाडीवर लागणार असाल, तर हे वाक्य आधी पक्कं धरा. जुलै २०२२ मध्ये चिखलदरा तालुक्यात पाचडोंगरी-कोयलारीला उघड्या विहिरीच्या पाण्यामुळे कॉलऱ्याची साथ आली होती. तसलं पाणी आपल्याच टाकीतून आपल्याच रुग्णाच्या पोटात जाता कामा नये.

पहिल्या जूनमध्येच मला धडा मिळाला. गाडीवरच्या तिघांची पोटं बिघडली. सगळ्यांचा संशय विहिरीवर. मी पाण्याचे नमुने एचटूएसच्या बाटल्यांत भरून ठेवले; पाण्यात घाणीतले जंतू असले की त्या काळ्या पडतात. दुसऱ्या दिवशी टाकीच्या पाण्याची बाटली होती तशीच, आणि मागच्या बेसिनच्या नळाची काळी ठिक्कर. तो नळ आम्ही आठवड्यातून एखाद्या वेळी उघडायचो. पंपापासून त्याच्यापर्यंतची हातभर नळी ब्लेडने उभी चिरली, तर आत तपकिरी, बुळबुळीत थर. बोट फिरवलं तर साबणासारखं सरकलं. पाणी तिथे दिवसेंदिवस साचून होतं. टाकी धुतली जायची, नळी कोणी धुतलीच नव्हती. तेव्हापासून कमी वापरातला नळ रोज सकाळी मिनिटभर सोडतो.

आता मोठी धुलाई. दर तीन महिन्यांनी, आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली असेल तर हमखास. २०० लिटरला ४० ग्रॅमच्या आसपास टीसीएल (ब्लीचिंग) पावडर बादलीभर पाण्यात कालवायची आणि चुना खाली बसू द्यायचा. वरचं निवळ तेवढं टाकीत ओतायचं. गाळ गेला की पंपाची जाळी तुंबते. टाकी गळ्यापर्यंत भरायची, मग एकेक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडायचा आणि रात्रभर तसंच ठेवायचं. त्या रात्री प्रत्येक नळाला चिंधी बांधतो, नाहीतर कोणीतरी सवयीने ग्लास भरतो. सकाळी सगळं सोडून द्यायचं आणि वास जाईपर्यंत दोन-तीनदा खंगाळायचं. टीसीएलमध्ये ॲसिड किंवा संडास धुवायचं औषध चुकूनही मिसळू नका. त्यातून निघणारा वायू श्वास कोंडतो.

रोजचा हिशोब वेगळा. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं आणि १००० लिटरला ५ ग्रॅम हे आपल्याकडचं प्रमाण. म्हणजे आपल्या टाकीला एकच ग्रॅम, आणि एक ग्रॅम चिमटीने मोजता येत नाही. म्हणून ५ ग्रॅम पावडर लिटरभर पाण्यात कालवायची आणि वरचं निवळ २०० मिली टाकीत टाकायचं. अर्ध्या तासाने ओटी टेस्ट, म्हणजे थोड्या पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून क्लोरीन शिल्लक आहे का ते पाहायचं. पिवळा रंग आलाच पाहिजे. तपासलेलं पाणी परत टाकीत ओतू नका, ते औषध विषारी आहे. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळून घ्या, कारण क्लोरीन गाळातच खर्ची पडतं.

नवी पोरं हमखास चुकतात ती इथे. सकाळी टेस्ट केली, रजिस्टरवर लिहिलं, काम संपलं असं त्यांना वाटतं. मे महिन्यात गाडीचा पत्रा हात लावू देत नाही. सकाळी ठळक पिवळं आलेलं पाणी दुपारी चारला पांढरंफेक दिसताना मी स्वतः पाहिलंय, उन्हात क्लोरीन उडून जातं. पिण्याच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवं, आणि तेही शेवटच्या रुग्णाच्या ग्लासात. म्हणून टेस्ट दुपारीही करा, सगळ्यात लांबच्या नळावर करा. रंग आला नाही तर पुन्हा डोस द्या, अर्धा तास थांबा, मगच कोणाला पाणी द्या. रुग्ण ताटकळले तरी चालतील.

भरायची नळी खाण्यापिण्याच्या दर्जाचीच घ्या आणि दोन्ही तोंडांना झाकण लावून टांगून ठेवा. ती जमिनीवर पडली की शेणामातीतलं सगळं टाकीत जातं. टाकीच्या हवेच्या भोकाला बारीक जाळी हवी. मेळघाटातून खाली अकोल्याकडे गेलात तर खारपाणपट्ट्यातल्या बोअरचं पाणी भरू नका, क्लोरीनने खार जात नाही. यवतमाळ-चंद्रपुरातल्या काही गावांत फ्लोराईड आहे, त्यालाही क्लोरीनचा उपाय नाही. तिथे पाण्याचा स्रोतच बदलावा लागतो.

रुजू झाल्यावर आधीच्या माणसाला विचारा: टाकी शेवटची कधी धुतली, आणि टीसीएलचं पोतं कधी फोडलं? ओल लागलेली, उघडी राहिलेली पावडर नावापुरतीच उरते. माझ्याकडे ती हवाबंद डब्यात असते, डब्यावर पोतं फोडल्याची तारीख. शेजारी ओटीची एक जादा बाटली, कारण हरिसालच्या पुढे ती संपली तर जवळपास कुठेच मिळत नाही.